सर्जेरावाच्या सहा गाठी

एका गावात एक भोळा वडापवाला होता. गावाचं नाव उंबरजाई. वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. दहाच्या जागेत सोळा बसतात आणि सतरावा मागच्या पायरीवर लटकून ‘जाऊ द्या’ म्हणतो. वडापवाल्याचं नाव होतं सर्जेराव. नाव भारदस्त होतं. बाकी सगळा आनंदच होता.

सर्जेरावाला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा आणि तसंच करायचा. कुणी काही शिकवलं की खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारायचा, म्हणजे विसरायला नको. एकदा मारलेली गाठ तो सोडत नसे. शिकवण कामाची असो नसो, गाठ पक्की.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. गाडी चालवण्यात तो मूर्ख नव्हता. पाटणहून उंबरजाईपर्यंत सगळा घाट, आणि घाटात रस्त्यापेक्षा खड्डे जास्त. पण सर्जेरावाच्या जीपमध्ये कुणाच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. साबळेबाईंना दुसऱ्या कुठल्याही गाडीत उलटी व्हायची, म्हणून बावीस वर्षं त्या याच जीपनं शाळेत आल्या.

इंदुमती साबळेबाई उंबरजाईच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दरवर्षी चौथीच्या वर्गात भिंतीवर नकाशा लावायच्या, पट्टीनं अगदी वरचं टोक दाखवायच्या आणि म्हणायच्या, “हे नॉर्वेचं उत्तर टोक. इथं उन्हाळ्यात रात्री बारा वाजताही सूर्य दिसतो.” पोरं ‘आँ’ करायची. बावीस वर्षं हे असंच चाललं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मात्र गौरी शेळके नावाची एक पोरगी उठून उभी राहिली.

“बाई, तुमी बघितलाय?”

बाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. “नाही,” त्या म्हणाल्या.

“मग कशावरनं?”

वर्ग हसला. बाईही हसल्या. पण तो प्रश्न त्यांच्या मनाला लागून राहिला. बावीस वर्षं आपण ऐकीव गोष्ट शिकवली, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी ठरवलं, निवृत्त झालं की जायचं, रात्री बाराचा सूर्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि येऊन गौरीला उत्तर द्यायचं.

बाईंना मागंपुढं कुणी नव्हतं. एक भाची होती, शलाका, ती डेन्मार्कला कोपनहेगनमध्ये राहायची. ती म्हणाली, “मावशी, माझी गाडी घेऊन जा. मला रजा नाही, पण ड्रायव्हर बघते.”

बाई म्हणाल्या, “ड्रायव्हर माझा मी आणते.”

गाव म्हणालं, बाई, याला पाटणला साखर आणायला पाठवलं तर हा पिशवी विसरतो, हा युरोपात काय दिवे लावणार? बाई म्हणाल्या, “माझ्या पोटातलं पाणी हलत नाही. मला तेवढं पुरे.”

मग तयारी सुरू झाली. बाईंनी दोनशे पानी वही घातली. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि शेवटी नॉर्वे, असे चार देश. कुठल्या दिवशी कुठून निघायचं, किती किलोमीटर, मुक्कामाच्या जागेचा पत्ता, जेवणाआधीची गोळी, जेवणानंतरची गोळी, सगळं वहीत. शलाका म्हणाली, मावशी, पानांचे फोटो काढून ठेव. बाई म्हणाल्या, “वही असताना फोटो कशाला?”

बाईंनी सर्जेरावाला नकाशा दिला आणि म्हणाल्या, “नीट अभ्यास कर. किती लांब आहे ते ध्यानात घे.”

सर्जेरावानं नकाशा जमिनीवर पसरला आणि वितीनं मोजला. मग पंचायतीत तालुक्याचा नकाशा होता, तोही मोजला. कोपनहेगन ते टोक, एक वीत चार बोटं. पाटण ते उंबरजाई, तीन विती. त्यानं बायकोला सांगितलं, “एक भाकरी बांध. दुपारच्या जेवणाला माघारी येतोय.” भाकरी बांधून तो बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. जायला अजून तीन महिने होते.

बाईंनी कपाळाला हात लावला. “अरे सर्जेराव, कागदावर लहान दिसतं ते खरं मोठं असतं. कागदावर लहान दिसलं की मोठं धरून चालायचं.”

“व्हय बाई.” सर्जेरावानं टॉवेलाला गाठ मारली. ती पहिली.

मग व्हिसाचे अर्ज आले. बाईंनी दोन्ही अर्ज भरले. सर्जेरावाच्या अर्जाच्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन होता. बाई म्हणाल्या, “इथं तुझा फोटो लागेल. काढून आण.”

सर्जेरावानं चौकोन बघितला. टिकलीच्या पाकिटाएवढा. त्यानं टॉवेलाची गाठ चाचपली. कागदावर लहान, म्हणजे खरं मोठं. तो तडक पाटणला गेला.

ठरलेल्या दिवशी मुंबईला व्हिसाच्या कचेरीत साहेबानं विचारलं, फोटो? सर्जेराव बाहेर गेला, आणि चार हमालांना घेऊन आत आला. त्यांनी कचेरीत फ्लेक्स उलगडला. दहा फूट बाय सहा फूट. काळा गॉगल घातलेला सर्जेराव, मागं बर्फाचे डोंगर, वर अक्षरं: ‘उंबरजाईचे सुपुत्र मा. सर्जेरावदादा यांस युरोप दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त वडाप मित्रमंडळ.’ साहेबाचं टेबल फ्लेक्सखाली गेलं. साहेबही गेला.

पुढची तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. जूनमध्ये जायचं होतं ते जुलैच्या अखेरीवर गेलं. बाईंनी पुस्तकं उघडून बघितलं. त्या टोकावर रात्रीचा सूर्य एकोणतीस जुलैपर्यंतच दिसतो. तीस तारखेपासून तोही आपल्यासारखाच मावळायला लागतो. सगळं गणित नव्यानं मांडून बाई पोचत होत्या बरोबर एकोणतीस जुलैला. एक रात्र हातात होती.

बाईंनी कपाळाला हात लावला. “सर्जेराव, सरकारी माणसापुढं आपणहून काही काढायचं नाही. तोंडानं मागेल तेव्हा द्यायचं, आणि मागेल तेवढंच.”

“व्हय बाई.” दुसरी गाठ.

कोपनहेगनच्या विमानतळावर काचेमागं एक गोरा अंमलदार बसला होता. त्यानं सर्जेरावापुढं हात केला. सर्जेराव हाताकडं बघत राहिला. अंमलदारानं हात हलवला. सर्जेरावानं मान हलवली. पासपोर्ट खिशात होता, पण मागितलं कुठं होतं? मागं रांग वाढत गेली. अंमलदार उभा राहिला. दुसरा आला. तिसरा आला, त्यानंही हात पुढं केला. सर्जेराव मनात म्हणाला, एवढी माणसं जमली, पण एकालाही तोंड नाही. शेवटी मागच्या रांगेतून बाई धावत आल्या, त्यांनी त्याच्या खिशात हात घालून पासपोर्ट काढला आणि काचेखालून सरकवला.

बाहेर आल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, समोरच्यानं हात पुढं केला की हातात असेल ते देऊन टाकायचं! बोलायची वाट कसली बघतोस?”

“व्हय बाई.” तिसरी गाठ.

शलाकानं त्याला दोन दिवस उजव्या बाजूनं गाडी चालवायची सवय करून दिली. ती त्यानं चटकन उचलली. घाटात खड्डे चुकवताना तो निम्मा वेळ उजव्या बाजूलाच असायचा. शलाकानं किल्ली दिली आणि म्हणाली, “सर्जामामा, मावशीला सांभाळ.” सर्जेराव म्हणाला, “ताई, बावीस सालात बाईंना एकदाबी मागं ठेवून गेलेलो न्हाय.” हे अगदी खरं होतं.

समुद्रावरचा लांबलचक पूल ओलांडून गाडी स्वीडनमध्ये शिरली. बाई मागच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. वहीत लिहिलेलं गाव आलं की बरोबरची खूण करत होत्या. इतक्या वर्षांत बाईंना कुणी इतकं खूश बघितलं नव्हतं. त्या चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी ते पेट्रोलपंपावर थांबले. बाई उतरल्या. “ही वही धर. मी आलेच.”

सर्जेराव वही घेऊन गाडीबाहेर उभा राहिला. रस्त्याच्या कडेला एक दाढीवाला तरुण उभा होता, पाठीवर भलं मोठं बोचकं. पुढच्या गावापर्यंत कुणी तरी गाडीत घ्यावं म्हणून त्यानं अंगठा वर करून हात पुढं केला होता. सर्जेरावानं तो पुढं केलेला हात बघितला. मग आपल्या हातात काय आहे ते बघितलं. टॉवेलाची गाठ चाचपली. आणि जाऊन त्याच्या हातात वही ठेवली.

तरुणानं पानं चाळली. गोळ्यांच्या वेळा बघितल्या. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली. तेवढ्यात एक ट्रक थांबला. तरुण चढला, वही चढली, ट्रक गेला.

बाई आल्या. “वही?”

“दिली की.”

बाईंनी या वेळी कपाळाला हात लावला नाही. त्या पंपाच्या कट्ट्यावर मटकन खाली बसल्या. एवढ्या महिन्यांची मेहनत, सगळे पत्ते, सगळे मुक्काम एका ट्रकात बसून चालले होते. पण एकोणतीस तारीख पाठ होती. ती नुसती वहीत नव्हती, डोक्यातही होती. त्यांनी शलाकाला फोन लावला. शलाकानं धडपड करून दोन मुक्काम नव्यानं मिळवले. टोकाजवळ मात्र एकही खोली शिल्लक नव्हती. तिथं गाडीतच बसून रात्र काढायची ठरली. नाही तरी त्या रात्री रात्र नव्हतीच.

बाई उठल्या, आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. “यापुढं आजूबाजूला बघायचंच नाही. गाडीत बसलास की नजर रस्त्यावर! इकडची दुनिया तिकडं होऊ दे, नजर हलवायची नाही.”

“व्हय बाई.” चौथी गाठ.

पुढं एक तळं लागलं. काठावर बसून दोघांनी चटणी-चपाती खाल्ली. सर्जेराव जाऊन गाडीत बसला आणि त्यानं नजर रस्त्यावर लावली. बाईंनी मागचं दार उघडलं, डबा आत ठेवला, दार लावलं, आणि कागद टाकायला कचराकुंडीकडं गेल्या. वडापमध्ये दार वाजलं म्हणजे माणूस बसला. सर्जेराव निघाला.

चाळीस किलोमीटर तो बाईंशी गप्पा मारत गेला. “बाई, हितं एवढं गवत हाय, मग म्हशी का दिसत न्हाईत?” उत्तर नाही. “बाई, अजून वहीचा राग हाय व्हय?” उत्तर नाही. रागच असणार. तेवढ्यात गाडीला जोडलेला बाईंचा फोन आपोआप बोलायला लागला. शलाका होती.

“सर्जामामा, मावशी कुठाय?”

“मागं बसल्यात.”

“मागं बघ.”

“बघता येत न्हाय, ताई. नजर रस्त्यावर ठेवायला सांगितलंय.”

“अरे, ती तळ्यावर राहिलीय! कुणाच्या तरी फोनवरून मला फोन केलाय तिनं!”

“असं कसं? बाई तर मागं बसल्यात.”

शेवटी शलाकाच शहाणी झाली. ती म्हणाली, “मामा, गाडी कडेला लाव. खाली उतर. उतरलास? आता गाडीत नाहीस ना? आता बघ.”

सर्जेरावानं बघितलं. मागच्या सीटवर डबा होता.

तळ्यावर बाई कचराकुंडीशेजारी दगडावर बसून होत्या. कपाळाला हात लावलेलाच होता, नव्यानं लावावा लागला नाही. “सर्जेराव, मी आहे की नाही ते विचारत जा रे! दर दहा मिनिटाला हाक मार. मी ओ दिली तरच पुढं.”

“व्हय बाई.” पाचवी गाठ.

फिनलंडचा अख्खा रस्ता असा गेला. दोन्ही बाजूंना झाडं, वर ढग, आणि दर दहा मिनिटाला, नजर रस्त्यावर ठेवून, “बाई, हाय का?”

“आहे.”

दहा मिनिटं.

“बाई, हाय का?”

“आहे रे बाबा.”

बाईंचा डोळा लागला की दहा मिनिटं होत. ओ आली नाही की सर्जेराव गाडी कडेला घेऊन हॉर्न वाजवायचा. मुक्कामालाही सुटका नव्हती. बाई आत झोपल्या की हा दारावर टकटक करायचा. “बाई, हाय का?” ‘आता गाडी थांबलीय, आता नको’, असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दोन दिवस आणि दोन रात्री बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारच्या खोलीतलं फिनलंडचं एक जोडपं पहाटे सामान घेऊन निघून गेलं.

एकोणतीस जुलैला सकाळी नॉर्वेत शिरताना बाईंचे डोळे लाल झाले होते. त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. “सर्जेराव, हाका बंद! आणि नीट ऐक. मी झोपले की आभाळ कोसळलं तरी मला उठवायचं नाही.”

“व्हय बाई.” सहावी गाठ. टॉवेल आता निम्माच उरला होता.

दुपारी ढग पांगले. रस्ता समुद्राच्या कडेनं वर वर जात राहिला, आणि रात्री नऊ वाजता संपला. पुढं जमीनच नव्हती. उंच कडा, खाली समुद्र, वर स्वच्छ आभाळ. सर्जेरावानं वडापच्या सवयीनं गाडी वळवून लावली, तोंड परतीच्या रस्त्याकडं. बाई उतरल्या, कड्यापर्यंत चालत गेल्या, सूर्याकडं बघून त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं नकाशावर पट्टी टेकवली ती जागा आता पायाखाली होती. पण हा नऊचा सूर्य होता. बाराला अजून तीन तास होते, आणि वारा अंगाला झोंबत होता. बाई गाडीत येऊन बसल्या. “जरा पाठ टेकते,” म्हणाल्या, आणि क्षणात घोरायला लागल्या.

साडेनऊला मागच्या काचेतून ऊन बाईंच्या तोंडावर आलं. सर्जेरावाला दया आली. बिचाऱ्या दोन दिवस झोपल्या नव्हत्या. त्यानं खाली उतरून मागच्या काचेला बाईंची शाल लावली, बाजूच्या काचांना आपला कोट आणि सहा गाठींचा टॉवेल. आत छान अंधार झाला. मग तो पुढं जाऊन बसला, आणि त्यानं नजर रस्त्यावर ठेवली.

अकरा वाजले. गाड्या येत राहिल्या, माणसं कड्याकडं जात राहिली. बाराला पाच कमी असताना एक म्हातारी काचेवर टकटक करून मागं बोट दाखवायला लागली. सर्जेरावानं रस्त्यावरची नजर न काढता तोंडावर बोट ठेवलं. “श्शू! बाई झोपल्यात.” बारा वाजता मागं टाळ्या वाजल्या, कुणी शिट्ट्या मारल्या. सर्जेरावाला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असावा. आवाज नको म्हणून त्यानं काच घट्ट लावली.

बाई सकाळी सातला उठल्या. त्यांनी घड्याळ बघितलं. मग शाल बघितली.

“सर्जेराव, सूर्य?”

“हाय की बाई. रातभर हुता. तुमच्या तोंडावर येत हुता म्हणून शाल लावली.” आणि थोडं थांबून, जरा अभिमानानं, “आभाळबी कोसळलं न्हाय.”

बाई रडल्या. दार उघडून, पाय बाहेर सोडून, पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. सर्जेराव घाबरून उभा राहिला. बाई त्याला काय म्हणणार? त्यानं सगळं सांगितल्यासारखं केलं होतं. आणि त्या रात्री, तीस तारखेला, सूर्य मावळला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर बाईंना शाळेत बोलायला बोलावलं. सगळं गाव जमलं होतं. गौरी शेळके पहिल्याच रांगेत बसली होती. तिनं वेळ घालवला नाही.

“बाई, बघितला?”

बाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. “नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी झोपले होते.” बाईंनी मोठा श्वास घेतला. “पण आपल्या गावचा एक माणूस तिथं रात्रभर जागा होता. मी नाही तर नाही, पण उंबरजाईच्या दोन डोळ्यांनी तो सूर्य बघितलाय. सर्जेराव, ये इकडं. सांग पोरांना, रात्री बारा वाजता सूर्य कसा दिसतो?”

सर्जेराव पुढं आला. त्यानं टॉवेल सारखा केला.

“साडेनवाचा बघितला. त्यो आपल्यावाणीच हाय.”

“आणि बाराचा?”

“बाराचा कसा बघणार, बाई? त्यो मागं हुता. मी गाडीत हुतो.” त्यानं चौथी गाठ वर करून दाखवली. “गाडीत बसलास की नजर रस्त्यावर, तुमीच सांगितलं हुतं न्हवं?”

बाईंनी कपाळाला हात लावला. पण या वेळी हाताखालून हसू फुटलं. बाई इतक्या हसल्या की हेडमास्तरांनी खुर्ची पुढं केली. मग गावही हसलं. गौरी तेवढी हसली नाही. तिनं कमरेवर हात ठेवले.

“मग मामा, एवढ्या लांब जाऊन तुमी रातभर बघितलं तरी काय?”

“रस्ता,” सर्जेराव म्हणाला. “चार देशांचा सगळा रस्ता बघितला, पोरी. एकबी खड्डा न्हाय.”

सगळं गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलं. रात्री बाराच्या सूर्यावर त्यांनी बावीस वर्षं विश्वास ठेवला होता. पण यावर कुणीच ठेवायला तयार होईना. शेवटी गौरीच म्हणाली, “कशावरनं?”